सात नंबरचा आवाज

मला कोंबड्या आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. कोंबडीच काय, पंख असलेलं कुठलंच जनावर मला घराच्या जवळपास चालत नाही. त्यामुळे मावशीने अडुसष्टाव्या वर्षी परसात कोंबड्या पाळायचं ठरवलं आणि मदतीला मलाच बोलावलं, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. पण मावशीला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. एकदा मनात घेतलं की ती ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आणि का नाही केलं हे विचारायची आजवर कोणाची छाती झाली नाही. एकतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. पूर्वी फोन लावायचा म्हणजे आधी ऑपरेटरला नंबर सांगायला लागायचा. समोरच्या बोर्डावर बारीक दिवा लागला की ऑपरेटरबाई तिथे वायर खोचायची, "हॅलो, नंबर प्लीज" म्हणायची आणि लाइन जोडून द्यायची. ती बाई म्हणजे आमची मावशी. अख्खं गाव तिला आवाजावरून पाठ होतं. दुकानात ही पाठमोरी उभी असली आणि मागून कोणी नुसतं "साबण द्या" म्हणालं, तरी मान न वळवता ही विचारायची, "काय हो मास्तर, घसा बसलाय वाटतं?" लोक तिला हॅलोमावशी म्हणायचे, अजूनही म्हणतात. घर, परस आणि कान, एवढीच तिची इस्टेट.

मी शिवणकाम करते. माझं दुकान तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. दुपारी तासभर मशीन बंद ठेवून मी तिच्याकडे जेवायला जायची. मला चार भाऊबहिणी आहेत, चौघंही माझ्यापेक्षा गोड बोलतात, पण मावशी रोज बोलवायची ती मलाच. माझा आवाज पहिल्यापासून जाडाभरडा. शाळेत गाण्याच्या तासाला बाई मला सांगायच्या, "तू नुसतं तोंड हलव." असा माझा आवाज आणि वर जिभेला हाड नाही, तरी मावशीला मीच हवी, म्हणजे माझा स्वभाव आवडत असणार, असं मी धरून चालले होते. या गोष्टीचा मला थोडा तोराही होता.

तर पिल्लं आली. पिल्लंवाला स्कूटरच्या मागे भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका बांधून घेऊन आला. तो गल्लीत वळला तेव्हाच आम्हाला कळलं, म्हणजे मला कळलं, कारण असा काही कलकलाट चालला होता की समोरची बाई खिडकीत आली. मावशीने खोका मागच्या खोलीत जमिनीवर ठेवून घेतला, स्वतः गुडघे टेकून बसली आणि झाकण उघडलं. आत एका दिवसाची बारा पिल्लं. मावशी बघतच राहिली. मला वाटलं आता हसेल, एखादं उचलून घेईल, तर कसलं काय! खोक्यावर वाकून ती एकेका पिल्लाच्या चोचीकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून.

"सगळी ओरडतायत का हो?" तिने विचारलं.

पिल्लंवाला हसला. "ओरडतायत का? काकू, रस्त्यात मला एकदाही हॉर्न वाजवावा लागला नाही."

मावशीने मान हलवली. जरा थांबून म्हणाली, "आणि यांचा आवाज कधी बदलतो? हा चिवचिवाट जाऊन कोंबडीचा आवाज कधी येतो?"

हा प्रश्न ऐकून तोही चाट पडला. लोक विचारतात अंडी कधी देतील, मांजर धरेल का, खायला काय घालायचं. "अडीच-तीन महिने धरा," तो म्हणाला. "नर असला तर थोडं आधी. पण काकू, तोवर जगवायला हवीत ना! घरी पहिल्यांदा पाळणाऱ्यांची बारातली दोन-तीन जातातच."

"माझी नाही जाणार," मावशी म्हणाली. "बाराची बारा जगवीन."

ही काय ईर्षा, ते मला कळेना. ज्या बाईने उभ्या जन्मात घरात चिमणी येऊ दिली नाही, ती डझनभर पिल्लांसाठी पैज लावल्यासारखं बोलत होती.

फ्रिजचा जुना खोका अर्धा कापून आम्ही पिल्लांचं घर केलं. वर आढ्याला दोरी बांधून दिवा सोडला, पिल्लांना ऊब मिळावी म्हणून. तळाला मावशीने गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं, तर पिल्लं त्यावर अशी घसरायला लागली की दोन्ही पाय दोन दिशांना. असे पाय फाकले तर कायमचे अधू होतात, असं पिल्लंवाल्याने बजावलं होतं. मग मी दुकानातून जुन्या चादरीचा तुकडा आणला आणि खोक्याच्या मापात कापून दिला. पाण्याच्या बशीत बुडू नयेत म्हणून तळाशी काहीतरी घालायचं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे डबाभर बटणं आहेत. मावशीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने परसात जाऊन खडे वेचून आणले. मग एकेकाला उचलून चोच पाण्यात बुडवायची, म्हणजे त्याला पाणी कळतं. एक घोट घेतला की ते पिल्लू मान वर करून गुळणी केल्यासारखं करी आणि मावशी विचारी, "हे वर का बघतं गं?"

"देवाचे आभार मानतं," मी म्हटलं.

"काहीतरीच! गिळता येत नसेल खाली मान घालून," असं म्हणून तिने स्वतः तोंडात पाणी घेतलं आणि मान खाली घालून गिळायला गेली. ठसका लागला, साडी भिजली. अडुसष्टाचं वय! मी हसून हसून भिंतीला टेकले.

ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाच्या पायात मी वेगळ्या रंगाचा दोरा सैलसर बांधला. दर चार दिवसांनी तो सोडून पुन्हा बांधायचा, नाहीतर पाय वाढतो आणि दोरा रुततो. हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मी म्हटलं, आता नावं ठेव. ती म्हणाली, "नावं माणसांना. लाइनला नंबर असतो." झालं! निळा एक, हिरवा दोन, असं करत बारापर्यंत. सात नंबर नारिंगी. हे सगळ्यात लहान आणि सगळ्यात आगाऊ. बाकीची नुसती चिवचिव करायची. हे तीनदा तोकडं ओरडायचं आणि चौथ्यांदा लांबवायचं, आवाज वर चढवत, काहीतरी विचारल्यासारखं. चिव, चिव, चिव, चिऽऽव? मला कोंबड्या आवडत नाहीत हे खरं, पण त्या प्राण्याला मी एकदोनदा उत्तर दिलं, हेही खरं.

मावशी मात्र दिवसच्या दिवस खोक्याशेजारी पाटावर बसून. तिला सगळ्याचं नवल. दुसऱ्याच दिवशी तिने निरोप पाठवला, लगेच ये, चार पिल्लं मेली. मी हातातलं गिऱ्हाईक टाकून धावले. बघते तर चार पिल्लं मान टाकून, पंख पसरून आडवी. मी एकाला बोट लावलं मात्र, ते ताडकन उठून दाणे टिपायला लागलं. झोपली होती! अशीच झोपतात म्हणे, चालता चालता पडल्यासारखी. मावशीचा जीव भांड्यात पडला आणि माझं डोकं फिरलं. पण त्यानंतर ती त्यांना अशी वाचायला शिकली की विचारू नका. दिव्याखाली गोळा झाली म्हणजे थंडी वाजतेय, दोरीची गाठ सोडून दिवा खाली घ्यायचा. कडेकडेला पळाली म्हणजे तापलंय, गाठ मारून दिवा वर घ्यायचा. खोकाभर विखुरली म्हणजे खुशाल आहेत. कोणाच्या बुडाला घाण चिकटून वाळली, ते तिला दुरून कळायचं. कोमट पाण्याच्या बोळ्याने ती पुसून घ्यायची. पाचव्या दिवशी म्हणाली, तीन नंबरच्या पंखाला पहिलं पीस फुटलंय, बघ. चष्मा लावूनसुद्धा मला दिसेना.

आता मला सांगा, माणूस इतकं बघतो, तर एक गोष्ट माझ्या का लक्षात येऊ नये? दारावरची घंटी वाजली की दार मी उघडायची. दूध उतू जाताना, केटली शिट्टी मारताना, "अगं मावशी, केटली!" असं मी ओरडायची. मी म्हणायची, पिल्लांच्या नादात हिला शुद्ध नाही.

आणि मग तो आरसा. मावशीच्या कपाटाशेजारी पायांवर उभा राहणारा एक उंच आरसा होता. एक दिवस गेले तर तो पॅसेजमध्ये, अगदी येण्याजाण्याच्या वाटेत. माझा गुडघा त्यावर आदळला.

"हा काय इथे मांडलाय? पिल्लांना नट्टापट्टा करायचाय?"

"राहू दे तिथे," ती म्हणाली.

"अगं पण कशाला?"

"मला लागतो."

एवढंच.  तिच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून त्या आरशात मागच्या खोलीतला खोका दिसायचा, दिव्याचा पिवळा उजेड दिसायचा, हे मला दिसत होतं. पण खोका दहा पावलांवर आहे, पिल्लं गळा काढून ओरडतात, मग आरशात काय बघायचंय, हे मला कळत नव्हतं. मी नाक मुरडलं आणि सोडून दिलं.

बाराव्या दिवशीची गोष्ट. आभाळ भरून आलेलं, गार वारा, दुपारीच घरात अंधारून आलेलं. मावशी आंघोळीला गेली होती. मी गरम पाण्याचं भांडं घेऊन पॅसेजमधून चालले आणि पुन्हा त्याच गुडघ्यावर तोच आरसा. पाणी सांडलं, पाय पोळला. माझा असा तिळपापड झाला! मी पॅसेजमधला दिवा लावला आणि आरसा भिंतीकडे सरकवला. फार नाही, चार बोटं. मग जेवून दुकानात परत गेले.

दोन तासांनी लक्षात आलं, कात्री तिच्याकडेच राहिली. ती आणायला निघाले. फाटकाशी आले आणि थबकले. पिल्लांचा तो रोजचा चिवचिवाट नव्हता. सगळी एका सुरात किंचाळत होती. मी चपला न काढता आत धावले. स्वयंपाकघरात मावशी खुर्चीवर बसून मटार सोलत होती. शांत. मला बघून हसली आणि म्हणाली, "आलीस? चहा टाकू?"

"अगं चहा काय टाकतेस! कान फुटलेत का तुझे?" मी ओरडले.

तिचा चेहरा उतरला. पण बोलायला वेळ नव्हता. मागच्या खोलीत खोक्यावरचा दिवा गेला होता. काच काळी पडलेली, खोका गार. पिल्लं ऊब शोधत एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून ढीग झाली होती. मी नवा दिवा लावला, मावशीने एकेक पिल्लू उचलून पदरात घेतलं. एक, दोन, चार, नऊ, अकरा. सगळ्यात खाली नारिंगी दोऱ्याचा पाय होता. सात नंबर चिरडून गेलं होतं.

मावशीने ते तळहातावर घेतलं.  मग वळून तिने दारातून आरशाकडे पाहिलं. मीही पाहिलं. आरशात उजेड दिसत होता, पिवळा, अगदी रोजच्यासारखा. तो पॅसेजमधल्या दिव्याचा होता. मी लावलेल्या दिव्याचा.

"आरसा सरकलाय," ती म्हणाली.

"मी सरकवला."

"मला दिवा दिसत होता. दिवा आहे म्हणजे लाइन चालू आहे, असं धरून मी बसले."

"पण मावशी, ती ओरडत होती गं. फाटकापर्यंत ऐकू येत होती."

"मला नाही येत," ती म्हणाली. "मला त्यांचा आवाज पहिल्या दिवसापासून येत नाही."

मग पाटावर बसून, ते पिल्लू हातात तसंच धरून, तिने सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी ती एकटीच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, डॉक्टर म्हणाला, खालचे आहेत. आधी पाखरं गेली. मग केटलीची शिट्टी. मग दारावरची घंटी. लहान मुलांचं बोलणं ती आता ओठांवरून ओळखते. डॉक्टरच्या यंत्रावर तिचा विश्वास नव्हता. एकतीस वर्षं यंत्रांशीच तर डोकं फोडलं होतं तिने, यंत्र बिघडतं हे तिला पक्कं ठाऊक. म्हटलं खरीखुरी वस्तू आणून बघू. कोंबडीच्या पिल्लापेक्षा किरकिरा आवाज दुसरा कशाचा?

"खोका उघडला," ती म्हणाली, "तर बारा चोची उघडतायत, मिटतायत. आवाज नाही. बोर्डावर बारा दिवे लागलेत आणि कानात काहीच नाही, असं झालं मला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शाळेतल्या बाई आठवल्या, तू नुसतं तोंड हलव म्हणणाऱ्या. "मग त्याच दिवशी परत का नाही दिलीस?" मी विचारलं.

"तो म्हणाला ना, तीन महिन्यांत आवाज उतरतो. म्हटलं, मला काही आता वर जाता येत नाही. ती खाली येतील. तोवर जगवायची." तिने सात नंबरच्या पाठीवरून बोट फिरवलं. "बारा म्हणाले होते. अकराच राहिली."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय करू ते सुचेना. मी रागाने म्हटलं, "मला सांगितलं असतंस तर मी कशाला हात लावला असता आरशाला?"

"तुला सांगितलं असतं तर तू ओरडून बोलायला लागली असतीस. सगळे तेच करतात. मला ओरडलेलं नाही कळत, मला तुझं साधं बोलणं कळतं. जाड आवाज आहे ना तुझा, स्वच्छ येतो. म्हणून तर रोज बोलावते."

घ्या! इतके दिवस मी स्वभावाचा तोरा मिरवत होते. रडता रडता मला हसू फुटलं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघून हसायला लागली. मग आम्ही परसाच्या कोपऱ्यात खड्डा करून सात नंबरला पुरलं. नारिंगी दोरा तिने काढून घेतला.

कोणाला सांगायचं नाही, असं तिने बजावलं. हॅलोमावशीला ऐकू येत नाही म्हटल्यावर गाव काय कीव करेल, ती तिला नको होती. मी कबूल केलं. आरसा मी स्वतः जागेवर ठेवला, खाली खडूने खूण केली आणि पॅसेजचा दिवा काढूनच टाकला. आता अंधारात माझा गुडघा फुटतो तर फुटू दे.

दिवस जात राहिले. दोरीला गाठी वाढत गेल्या, दिवा वर वर जात राहिला आणि एक दिवस बंदच केला. पिल्लं दिसायला अशी बेंगरूळ झाली की बघवेना, अर्धी पिसं, अर्धी लव, लांब माना. सुताराने जाळीचं खुराडं करून दिलं आणि सातव्या आठवड्यात अकराही जणी परसात गेल्या. म्हणजे आठ जणी आणि तीन जण, असं मावशीने तुऱ्यांवरून सांगितलं. कावळा आला की ती हातात झाडू घेऊन उभी. मांजर भिंतीवर दिसलं की मला शिट्टी मारायला सांगायची आणि मग विचारायची, "मारलीस का?"

दर रविवारी सकाळी आमची परीक्षा व्हायची. मावशी परसात खुराड्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभी राहायची. कोणी ओरडलेलं ऐकू आलं की तिने हात वर करायचा, आणि खरंच ओरडलं होतं का ते मी सांगायचं. पहिल्या रविवारी अर्धा तास उभी राहिली. अकराही कलकलत होती आणि हिचा हात खालीच. दुसऱ्या रविवारी तेच. नवव्या आठवड्यात एकदा तिने हात वर केला. नेमकी तेव्हा सगळी गप्प होती, माती उकरत होती. तिचा चेहरा मला बघवला नाही.

"हो हो, ओरडलं!" मी म्हटलं. "तीन नंबर ओरडलं."

तिने डोळे उघडले. "खोटं बोलतेस."

"नाही गं..."

"तुझा आवाज चढला. एकतीस वर्षं लोकांचं खोटं ऐकलंय मी. तुझं काय ऐकू येणार नाही मला?" मग जरा नरमून म्हणाली, "पुन्हा असं करू नकोस. मला खरं कळायला हवं. ऐकू नाही आलं तर नाही आलं, पण आहे ते कळू दे."

तेव्हापासून मी जीव टांगणीला लावून त्या कोंबड्यांचे आवाज ऐकायला लागले. दुकानात मशीन चालवताना विचार करायची, आज पाच नंबर जरा घोगरं वाटलं का? मला, जिला पंखवालं काही चालत नाही तिला! एका संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "हे तू मधेच काय कॉक कॉक करतेस?" काय सांगणार होते त्याला?

बाराव्या आठवड्यातला रविवार. स्वच्छ ऊन पडलं होतं. मावशी नेहमीसारखी पाठ करून उभी, हातात तो नारिंगी दोरा गुंडाळलेला. निळा एक नंबर कुंपणाशी गेला, मान ताणली आणि घशातून एक फुटका, खर्जातला आवाज काढला. ना धड आरवणं ना धड ओरडणं, गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी. मी मावशीकडे पाहिलं.

मावशीचा हात हलला. वर गेला नाही, नुसता हलला.

एक नंबर पुन्हा ओरडला. या वेळी हात खांद्यापर्यंत आला. मग तीन नंबर मागून घोगरं ओरडली, कॉक कॉक कॉक, आणि मावशीचा हात सरळ वर गेला. आवाज थांबला, हात खाली आला. पुन्हा आवाज, पुन्हा हात. मी तोंड दाबून उभी होते, एक शब्द बोलले असते तर रडूच फुटलं असतं.

"आलं का?" तिने डोळे न उघडता विचारलं. "खरं सांग. दोघं होते. आधी एक, मग दुसरं कोणीतरी, जरा बारीक."

"एक नंबर. आणि मग तीन नंबर," मी म्हटलं. माझा आवाज चढला नव्हता, ते तिलाही कळलं.

ती तिथेच पायरीवर बसली. अर्धा-पाऊण तास आम्ही दोघी तिथेच बसून होतो. सगळ्यांचे आवाज अजून उतरले नव्हते. पाच जणांचे तिला आले, सहा जणांचे नाही. जे आले ते तिने लगेच पाठ केले. खुराड्याकडे पाठ फिरवून बसायची आणि म्हणायची, "हे दोन नंबर. हे पुन्हा एक. अगं, दहा नंबर तर आपल्या पोस्टमास्तरांसारखं खाकरतं!" किती महिन्यांनी तिचा तो जुना चेहरा मी पाहिला, दुकानात पाठमोरी उभी राहून माणसं ओळखणारीचा. मला इतका आनंद झाला होता की मी तिच्या गळ्यात पडले.

मग ती बोटाभोवतीचा दोरा सोडवत, गुंडाळत बसली.

"बाकीच्यांचेही येतील आठ-पंधरा दिवसांत," मी म्हटलं.

"येतील," ती म्हणाली. "पण सात नंबरचा मला कधीच येणार नाही. बारा दिवस ते माझ्याजवळ होतं आणि मी एकदाही ऐकलं नाही. तू ऐकलंस."

मी मान हलवली.

"कसा होता गं त्याचा आवाज?"

आता आवाज कसा सांगायचा? बारीक होता म्हणू? गोड होता म्हणू? शेजारची बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती, सुताराचा माणूस फाटकातून आत डोकावत होता. जाऊ दे, म्हटलं, बघायचं त्याला बघू दे. मी मावशीच्या कानाजवळ तोंड नेलं आणि माझ्या जाड्याभरड्या आवाजात, तिच्यापर्यंत पोचेल इतकं खाली उतरवून, ओरडले. तीनदा तोकडं, आणि चौथ्यांदा लांबवून, वर चढवत, काहीतरी विचारल्यासारखं.

मावशी डोळे मिटून ऐकत होती. तिचा हात हळूच वर आला.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली.